हायब्रिड गाडीच्या परीक्षकांना खुलं पत्र : तीन दिवस तुमचे, दहा वर्षं आमची

प्रति,
मोटारगाड्यांची परीक्षणं लिहिणारे, छापणारे आणि कॅमेऱ्यासमोर सांगणारे सर्व संपादक व परीक्षक यांस

विषय : हायब्रिड गाडीचं परीक्षण आणि हायब्रिड गाडी रोज वापरणं, यांतल्या अंतराबाबत

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी एका मासिकाची मी चौदा वर्षांची वर्गणीदार आहे. अंक आला की आधी मधली दोन पानं उघडायची, ही सवय. तिथे वाचक आपापल्या गाडीबद्दल लिहायचे : साठ हजार किलोमीटरनंतर काय खडखडतं, कुठला भाग दोनदा बदलला, कुणाच्या सर्व्हिस सेंटरने काय बिल लावलं. गेल्या महिन्याच्या अंकात ती पानं नव्हती. त्या जागी एका तळ्याकाठी संध्याकाळच्या उन्हात उभी केलेली नवी कोरी हायब्रिड (पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही असलेली गाडी) होती आणि खाली छोटी चौकट : अधिकाधिक नव्या गाड्यांना न्याय देता यावा म्हणून हे सदर थांबवत आहोत. मी फोन केला. पलीकडचा मुलगा फार सौजन्याने बोलला. म्हणाला, “मॅडम, ओनर्सना टेस्टिंगचं टेक्निक नसतं ना. रीडरला प्रोफेशनल ओपिनियन हवं असतं.”

त्या वाक्यावर मी दोन दिवस गप्प बसून पाहिलं. जमलं नाही, म्हणून हे पत्र. एका मासिकाचा निर्णय हे निमित्त आहे. बोलायचंय ते तुम्हा सगळ्यांशी.

आधी माझं ‘टेक्निक’ सांगते. मी चौतीस वर्षं बँकेत काढली. त्यातली बरीचशी अशी, की दिवसाअखेर रोकड जुळली नाही तर कुणी घरी जायचं नाही. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. २०२३ च्या दिवाळीत आम्ही हायब्रिड घेतली, तेव्हापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक लांबट वही आहे. प्रत्येक वेळी त्याच पंपावर, नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेपर्यंत पेट्रोल भरायचं आणि लिटर, किलोमीटर, तारीख लिहायची. पंपावरची मुलं ‘झिरो बघा मॅडम’ म्हणायच्या आधी आता ‘वही काढा मॅडम’ म्हणतात. सव्वीस महिन्यांत गाडी २४,३१६ किलोमीटर चालली आणि १,२८७ लिटर पेट्रोल प्यायली. म्हणजे लिटरला १८.९ किलोमीटर. स्क्रीनवरचा आकडा याच काळात २०.४ सांगतो, खऱ्यापेक्षा सुमारे आठ टक्के जास्त. आणि तुमच्यापैकी बहुतेक जण हा स्क्रीनवरचाच आकडा ‘आम्हाला मिळालेलं मायलेज’ म्हणून सांगता.

गाडीचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. माझं भांडण कंपनीशी नाही आणि खरं सांगायचं तर गाडीशी तर मुळीच नाही. गाडी उत्तम आहे, पुन्हा घ्यायची वेळ आली तर पुन्हा घेईन. मात्र तुम्ही जिच्याबद्दल सांगितलं होतं ती गाडी आणि माझ्या पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी, या दोन वेगळ्या निघाल्या. काही बाबतींत माझी वाईट निघाली आणि बऱ्याच बाबतींत चांगली. घेण्याआधी मी तुमची अकरा परीक्षणं वाचली होती, व्हिडिओ तर मोजलेच नाहीत. त्यातलं रोजच्या उपयोगी काय पडलं ते आठवायला बसले, तर अर्धं पानही भरलं नाही.

सुरुवात मायलेजपासून करते, कारण माणूस हायब्रिडसाठी दोन-अडीच लाख जास्त मोजतो ते त्यासाठीच. आमच्या गाडीचा कागदावरचा आकडा २५ च्या वर आहे. हे आकडे जिथून येतात ती एआरएआय, म्हणजे गाड्या तपासणारी संस्था, आमच्या घराच्या मागेच, वेताळ टेकडीवर आहे. टेकडीवर फिरायला जाणाऱ्या अर्ध्या कोथरूडला तिचं फाटक ठाऊक आहे. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या चक्राप्रमाणे थांबवत-पळवत चालवतात, वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. दोन गाड्या एका मापाने मोजायच्या तर असंच काहीतरी करावं लागणार, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. महिन्याचा पेट्रोलखर्च काढायला मात्र त्या आकड्याचा उपयोग नाही आणि ती दरी भरून काढायला तर तुम्ही आहात. तुम्ही काय करता? दोन माणसं, रिकामा बूट (म्हणजे डिकी), रविवारी पहाटे बाहेर पडायचं, लोणावळ्याच्या पुढे शूटिंग करायचं आणि परत येऊन सांगायचं, “आम्हाला २२ मिळाले, इम्प्रेसिव्ह!”

आता माझी वही उघडते. आमच्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. आठवड्यातून तीनदा त्यांना फिजिओथेरपीला न्यावं लागतं, क्लिनिक २.३ किलोमीटरवर आहे. गाडी उभी राहून थंड झालेली असते. बॅटरी भरलेली असली तरी सुरुवातीची काही मिनिटं इंजिन चालूच राहतं, कारण ते स्वतः आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम व्हावा लागतो. गरम होऊन इंजिन बंद होतं न होतं तोच क्लिनिक येतं. त्या फेरीचं मायलेज स्क्रीनवर ११, फार तर १२. पहिल्या महिन्यात मला वाटलं गाडीत दोष आहे. सर्व्हिस सेंटरला दोन चकरा मारल्या, एक अर्धा दिवस फुकट गेला, तेव्हा तिथल्या एका वयस्कर तंत्रज्ञाने दोन वाक्यांत समजावलं. अकरा परीक्षणांतल्या एकातही ती दोन वाक्यं नव्हती. भाजी आणायला, नातवंडांना क्लासला सोडायला, देवळात जायला गाडी काढणारी कितीतरी घरं आहेत. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या हाच ज्यांचा वापर आहे, त्यांनी हायब्रिड घ्यावी की नाही, हा प्रश्न तुम्ही विचारलेला मी तरी पाहिला नाही.

याच्या उलटही सांगते. माझा मुलगा हीच गाडी आठवड्यातून दोनदा हिंजवडीला नेतो. वाकडच्या पुलाच्या अलीकडे जी रांग लागते, तिच्यात बाकीच्या गाड्यांची पेट्रोलची सुई डोळ्यांदेखत खाली येते. आमची त्या रांगेत लिटरला २३ देते. संध्याकाळी नळ स्टॉपच्या दुमजली पुलाखाली मुंगीच्या पावलांनी सरकताना तर गाडी मला तिच्यावर प्रेम करायला लावते : इंजिन बंद, गोंगाट नाही, डावा पाय रिकामा. ज्या ट्रॅफिकला आख्खं पुणे शिव्या देतं, तिथेच तिला सूर सापडतो. आणि तुम्ही तिची परीक्षा घेता मोकळ्या रस्त्यावर! एक्स्प्रेस-वेवर शंभरने गेलं की आमच्या वहीत १७ लागतात. कोल्हापूरला ऐंशी-पंच्याऐंशीने गेलो तर २०. एक्स्प्रेस-वेवर रोज जा-ये करणाऱ्याने हायब्रिडसाठी जास्तीचे पैसे का द्यावेत, हेही कुणी नीट सांगितलेलं नाही.

मे महिना वेगळाच. वहीत दोन्ही वर्षी मेचं मायलेज सोळाच्या घरात आहे, जुलै-ऑगस्टचं एकवीस. कारण समजून घेतल्यावर हसू आलं. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि वीज बॅटरीतून येते. ही बॅटरी केवढी? ग्रँड विटारा किंवा हायरायडर या हायब्रिड गाड्यांमधली घ्या, ०.७६ किलोवॅट-तास. म्हणजे पाऊण युनिट. महावितरणच्या बिलातलं एक युनिटसुद्धा नाही! त्यातली सगळी वीज गाडी वापरू देत नाही, ते वेगळंच. भर दुपारी चार माणसं बसवून सिग्नलला उभं राहिलं की आठ-दहा मिनिटांत इंजिन जागं होतं. तुमच्या व्हिडिओत मात्र निवेदक खिडकीच्या काचा वर करून कुजबुजतो, “ऐका... काहीच ऐकू येत नाही ना?” तो व्हिडिओ बहुधा डिसेंबरातला असावा.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे जुन्या परीक्षणांतले आकडे आज लागू पडायचे नाहीत. त्यांवर एक ओळ वाढवायला तुम्हाला फार कष्ट पडू नयेत.

दुसरी तक्रार छोट्या बॅटरीची. छोटी म्हणजे साधी, बारा व्होल्टची.

गेल्या वर्षी आम्ही सहा आठवडे लेकीकडे कॅनडाला होतो. परत आलो ते पहाटे चारला, टॅक्सीने. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून खाली गेले, रिमोट दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. दारसुद्धा उघडेना. रिमोटच्या पोटात लपवलेली छोटी किल्ली असते, हे सोसायटीच्या वॉचमनला ठाऊक होतं, मला नव्हतं. ती काढून दार उघडलं, आत बसले, बटण दाबलं. स्क्रीन काळी. मला कळेना, एवढी मोठी बॅटरी हिच्या पोटात आहे, तिच्यासाठी मी लाखांनी पैसे मोजलेत आणि हिला साधा दिवा लावता येत नाही?

झालं होतं असं की हायब्रिडचं इंजिन सुरू करताना फिरवते ती मोठ्या बॅटरीची वीज, पण गाडीचा संगणक जागा करणं आणि मोठ्या बॅटरीचं दार उघडणारे रिले चालवणं, ही कामं छोट्या बॅटरीची. ती झोपली की सगळं झोपलं. तिजोरीत पैसे आहेत, किल्ली हरवली आहे. शेजारच्या कुलकर्ण्यांनी जंपर केबल लावून दिली आणि गाडी उठली. नंतर मी शिकले : लांब जायचं असेल तर कुणालातरी आठवड्यातून एकदा गाडी ‘रेडी’ करून अर्धा तास ठेवायला सांगावं. ब्रेकवर पाय न ठेवता नुसतं बटण दाबलं तर गाडी रेडी होत नाही, उलट छोटी बॅटरी आणखी उतरते. वर्षा-दोन वर्षांत प्रत्येक घरावर अशी वेळ येऊ शकते. तुमच्याकडे गाडी जेमतेम तीन दिवस असते आणि त्या तीन दिवसांत ती उभी राहतच नाही, मग तुम्हाला हे दिसणार कुठून? दिसणार नाही हे मला मान्य आहे. पण मग ज्यांना दिसतं त्यांची दोन पानं तुम्ही काढून का टाकता?

आता जे तुम्ही वाजवीपेक्षा मोठं करून सांगितलं, तेही सांगायला हवं. जवळजवळ प्रत्येक परीक्षणात होतं : जोरात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलतं आणि गाडी त्या मानाने पळत नाही. शून्य ते शंभर इतके सेकंद. प्लास्टिक कडक. चालवायला मजा नाही. मी घाबरून दोन महिने निर्णय लांबवला. प्रत्यक्षात? सव्वीस महिन्यांत पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायची वेळ मोजून पाच-सहा वेळा आली. एकदा खोपोलीहून खंडाळ्याला चढताना, पाच माणसं, बूट भरलेला, एसी चालू. बॅटरीच्या दोनच काड्या उरल्या आणि इंजिन मिक्सरमध्ये सुकं खोबरं टाकल्यासारखं ओरडायला लागलं. सासूबाईंनी मागून विचारलं, “हिला काही होतंय का गं?” काही होत नव्हतं. गाडी आपल्या वेगाने वर गेली, आम्ही वर जाऊन वडापाव खाल्ला. शून्य ते शंभरचे सेकंद मोजायची वेळ आमच्या घरात एकावरही आलेली नाही. दाराचं प्लास्टिक बोटाने ठोकून बघायला कुणी बसलेलं नाही.

घाट उतरतानाचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं आणि ते जास्त महत्त्वाचं होतं. उतारावर गाडी ब्रेकमधून वीज साठवते. बॅटरी एवढीशी, ती काही किलोमीटरमध्ये भरते. भरली की वीज साठवण्याचं काम थांबतं आणि पायाखालचा ब्रेक वेगळा लागायला लागतो. पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला. गिअरच्या दांड्याजवळ जे ‘बी’ अक्षर आहे ते अशा उतारासाठी, इंजिनने गाडी रोखून धरायला. हे मला एका हायब्रिड टॅक्सीच्या ड्रायव्हरने विमानतळाच्या वाटेवर शिकवलं. त्याच्याकडे टेस्टिंगचं टेक्निक नव्हतं, एक लाख दहा हजार किलोमीटर होते.

जे चांगलं आहे तेही तुमच्या नजरेतून सुटलं. चोवीस हजारांनंतर माझे ब्रेक पॅड जवळजवळ नवे आहेत, कारण बरंचसं थांबवणं मोटारच करते. क्लच प्लेट नाही, वेगळी स्टार्टर मोटर नाही. मासिकात हे कुठे असतं? ‘तांत्रिक तपशील’ या तक्त्याखाली, मुंगीच्या अक्षरात.

बूट. साध्या होंडा सिटीचा बूट ५०६ लिटरचा आणि तिच्याच हायब्रिडचा ३०६ लिटरचा, हे छापील आकडे आहेत. परीक्षणांत यावर वाक्य असतं : ‘बूट थोडा तडजोडीचा, पण वीकेंडच्या बॅगा मावतात.’ वीकेंडच्या बॅगा कुणाच्या? आमच्या बूटमध्ये एक वॉकर, एक घडीची व्हीलचेअर आणि पिशव्या. आमचीही बॅटरी मागच्या बाजूलाच आहे, व्हीलचेअर ठेवली की वॉकर पुढच्या सीटवर घ्यावा लागतो आणि मग मी मागे बसते. मागे बसल्यावर आणखी एक शोध लागला : सीटच्या कडेला एक जाळी आहे, तिच्यातून बॅटरीला थंड हवा मिळते. सासूबाईंची शाल वर्षभर त्या जाळीवर होती. सर्व्हिसला गेल्यावर फिल्टरमधून जो धुळीचा बोळा निघाला, तो बघून तिथला मुलगा म्हणाला, “काकू, इथे काही ठेवायचं नसतं.” मॅन्युअलमध्ये आहे म्हणे. असेल. पण मॅन्युअल वाचून सोप्या भाषेत सांगणारी माणसं म्हणूनच आम्ही तुम्हाला पैसे देतो ना?

दुरुस्तीचं थोडक्यात. पावसाळ्यात पार्किंगमध्ये उंदीर शिरले, एक वायर कुरतडली. पंचवीस वर्षं आमच्या गाड्या बघणारा गॅरेजवाला आला, बॉनेट उघडलं आणि दोन पावलं मागे सरकला. “ताई, ती नारिंगी वायर दिसते ना? तिथे मी हात घालत नाही.” नारिंगी म्हणजे मोठ्या व्होल्टेजची, त्याचं बरोबरच होतं. कुरतडलेली वायर साधीच निघाली, पण गाडी क्रेनने न्यावी लागली आणि सर्व्हिस सेंटरमधला हायब्रिडचं प्रशिक्षण घेतलेला एकमेव माणूस गावाला गेला होता. चार दिवस गाडी पडून. पुण्यात ही कथा, तर चिपळूण-नांदेडला काय होत असेल? परीक्षणाच्या शेवटी ‘कोणी घ्यावी’ असा जो चौकोन असतो, त्यात ‘तुमच्या गावात हायब्रिडचा मेकॅनिक आहे का ते बघा’ एवढं तरी लिहा.

‘हायब्रिड’ या शब्दाचंही काहीतरी करा. २०१५ साली मारुतीच्या सिआझ, अर्टिगा या गाड्यांच्या डिझेलवर ‘स्मार्ट हायब्रिड’ हे नाव झळकलं, सबसिडीही मिळाली. अशी सौम्य हायब्रिड नुसत्या विजेवर चाकं फिरवू शकत नाही, छोटी मोटर इंजिनला फक्त टेकू देते. सरकारच्या हे लक्षात आलं आणि एप्रिल २०१७ पासून त्यांची सबसिडी बंद झाली. तुमच्या मथळ्यांत मात्र दोन्ही अजून ‘हायब्रिड’च. आमच्या बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने शोरूममधून गाडी आणली आणि आठवडाभर मला विचारत राहिला, “बॅटरीवर कधी जाते गं ही?” ती कधीच जाणार नव्हती.

किंमत तुम्ही ‘एक्स-शोरूम, दिल्ली’ अशी लिहिता. आम्ही आरटीओचा कर, विमा धरून पुण्यात पैसे भरतो. हायब्रिडची किंमत फक्त तिच्या जोडीच्या साध्या गाडीशी ताडूनच कळते, म्हणून मी हिशेब मांडला, वीस मिनिटं लागली. तीच गाडी साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये माझ्या धाकट्या दिरांकडे आहे, त्यांना शहरात ११ मिळतात. मला १८.९. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर दर किलोमीटरला माझे जवळजवळ चार रुपये वाचतात. गाडी अडीच लाखांनी महाग, म्हणजे पैसे वसूल व्हायला ६३ हजार किलोमीटर. माझ्या वापराने साडेपाच वर्षांहून थोडं जास्त. महिन्याला चारशे किलोमीटर चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला तेरा वर्षं. तिने तुमचं ‘सेगमेंटमधली सर्वांत समंजस निवड’ हे वाक्य वाचून बुकिंग केलं होतं. मी तिला वही दाखवली, तिने बुकिंग रद्द केलं. तुम्ही पाच तारे दिलेत म्हणून ती चुकली असं मी म्हणत नाही. तुमच्या ताऱ्यांत किलोमीटर नसतात, एवढंच.

आता नाजूक विषय. नवी गाडी चालवून बघायला तुम्ही जाता तेव्हा विमानाचं तिकीट, हॉटेल, गाडी, तिच्यातलं पेट्रोल, सगळं कंपनीचं. त्यात गैर काही झालं असं मी म्हणत नाही, तुमच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नाही. पण बँकेत कर्जदाराकडून दिवाळीचा मिठाईचा डबा आला तरी वरिष्ठांना सांगायचा आमचा शिरस्ता होता. जाहिरातींच्या स्वयंनियमनासाठी असलेल्या एएससीआयने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या मंडळींना सांगितलंय की प्रवास, हॉटेल असा लाभ मिळाला असेल तर तो प्रेक्षकाला ठळक दिसेल असा सांगा. मी आता मुद्दाम शोधते. कधी कधी सापडतो, वर्णनाच्या तळाशी, ‘आणखी वाचा’च्या पलीकडे.

आणि राहता राहिलं ते ‘टेक्निक’. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था चाचणीच्या गाड्या स्वतःच्या पैशांनी, साध्या गिऱ्हाइकासारख्या विकत घेते. २०११ मध्ये त्यांनी दोन लाख मैलांहून जास्त पळालेली २००२ ची टोयोटा प्रियस मिळवली आणि दहा वर्षांपूर्वीच्या, नव्या प्रियसवरच्या आपल्याच चाचणीशी ताडून पाहिली. मायलेज गॅलनला ४०.६ मैलांवरून ४०.४ वर आलं होतं. हायब्रिडची बॅटरी लवकर मरते का, या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर मी वाचलेलं नाही. याच संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत साध्या गाड्यांपेक्षा हायब्रिडमध्ये २६ टक्के कमी बिघाड आढळले. ती माहिती दिली कुणी? मालकांनी. आपल्याकडे बहुतेक कंपन्या मोठ्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात, तुम्ही ती एका ओळीत सांगून मोकळे होता. त्या आठ वर्षांत काय होतं हे बघायला कुणीतरी आठ वर्षं थांबायला नको का?

माझ्या मागण्या लिहून देते.

१. बंद केलेलं वाचकांचं सदर पुन्हा सुरू करा. ज्यांनी असं सदर कधी चालवलंच नाही, त्यांनी सुरू करा. नोंद ठेवणाऱ्या मालकाकडून लिटर आणि किलोमीटर मागा, मतं नंतर.

२. हायब्रिडचं मायलेज स्क्रीनवरून सांगू नका. टाकी भरून मोजा, एसी चालू ठेवून मोजा, आणि तीन आकडे द्या : दोन-तीन किलोमीटरच्या थंड फेऱ्या, शहरातली गर्दी, महामार्ग. सरासरीचा एकच आकडा दिलात तर तो कुणाच्याच कामाचा नाही.

३. किती दिवस, किती किलोमीटर, कुणाच्या पेट्रोलवर आणि कुणाच्या खर्चाने, हे परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा.

४. मथळ्यातच सांगा, नुसत्या विजेवर धावणारी हायब्रिड की टेकू देणारी.

५. तीच गाडी दोन वर्षांनी एखाद्या मालकाकडून मागून घ्या आणि पुन्हा चालवा. आपल्या पहिल्या मतातलं काय टिकलं, ते छापा. बँकेत याला ऑडिट म्हणतात. कुणाला आवडत नाही, पण होतं.

एवढं सगळं एकदम जमणार नाही, ठाऊक आहे. पाचवी मागणी तर खर्चिक आहे, म्हणून तिच्यासाठी गाडी मी देते. आठवडाभर घेऊन जा. वही कप्प्यात आहे, पेन चालत नाही, आपलं आणा. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी दुपारी तीन ते पाच गाडी मोकळी नसते. हवं तर त्या वेळी तुम्हीच सासूबाईंना क्लिनिकला सोडा, त्यांना पुढे बसायला आवडतं, वॉकर मागे आडवा ठेवावा लागतो आणि शाल त्या जाळीवर ठेवू देऊ नका. परत करताना टाकी भरून द्या. पौड रोडचा पंप, पहिला ऑटो-कट, त्यापुढे एक थेंब नाही.

आपली,
चौदा वर्षांची एक वर्गणीदार
कोथरूड, पुणे